नजरेनेच मेगर लावणाऱ्या साहेबांस

मा. विद्युत निरीक्षक साहेब,


विषय : अंधेरी पूर्वेतल्या सातमजली इमारतीच्या एका फ्लॅटमध्ये आपणांस आढळलेले पाच दोष.
संदर्भ : आपलंच पत्र. (जावक क्रमांक वाचता येत नाही. शिक्का नेमका त्याच्यावरच बसला आहे.)

महोदय,

आपली यादी मिळाली. काम माझं, परवाना माझा, टेस्ट रिपोर्टवरची सही माझी. त्यामुळे पाचही दोष माझ्याच नावावर चढले, हे रीतीला धरूनच झालं. विद्युत कायदा 2003 च्या कलम 162 प्रमाणे आपल्या निर्णयावर शासनाकडे अपील करता येतं, याची मला कल्पना आहे. पण ते अपील मंत्रालयाचे जिने चढेपर्यंत त्या फ्लॅटच्या मालकीण काकूंना वाढीव लोड मिळायचा नाही. म्हणून हे खुलं पत्र.

आधी आभार मानतो. आपण काकूंचा चहा घेतला नाहीत. बिनचहाचा निरीक्षक वाट्याला यायला नशीब लागतं, आणि आपल्या सचोटीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. उलट अडचण तिथेच झाली. चहा घेतला असतात, तर तो निवेपर्यंत तरी थांबला असतात, आणि तेवढ्या वेळात डिस्ट्रिब्युशन बोर्डाचं, म्हणजे डीबीचं, झाकण उघडून झालं असतं. दोनच स्क्रू आहेत. मी आवळले तसेच ते अजून आवळलेले आहेत.

दुसरे आभार आपल्या कार्यालयाच्या इतिहासप्रेमाचे. यादीच्या डोक्यावर ‘भारतीय विद्युत नियम, 1956’ असं छापलेलं आहे. ते नियम 2010 साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी निवृत्त केले. त्या विनियमांच्या जागीही 2023 साली नवे आले. नियम दोनदा बदलले, छापील फॉर्मांचा गठ्ठा मात्र संपायला तयार नाही. अंधेरीकरांना याचं फारसं नवल नाही म्हणा. बिलावर बीएसईएस होतं, मग रिलायन्स आलं, 2018 पासून अदानी आहे. मीटरपासून घरापर्यंतची वायर ही ज्याची त्याने सांभाळायची, त्यामुळे ती कोणाच्याच राजवटीत बदलली नाही.

आता कामाविषयी. इमारत 15 मीटरच्या वर जाते, म्हणून ती आपल्या दप्तरात येते. बांधली तेव्हा एका घराचा लोड म्हणजे पंखे, ट्यूबलाइट, मिक्सर, आणि ऐपत असली तर फ्रिज. त्या हिशेबाने भिंतीतून अॅल्युमिनियमची वायर गेली आणि दारामागच्या लाकडी बोर्डावर चिनी मातीचे कटआऊट लागले. आज त्याच भिंतींच्या जिवावर दोन एसी, गिझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन चालतात. काकूंकडचा मेन कटआऊट मी उपसला, तेव्हा आत फ्यूज वायर नव्हतीच. लवचिक वायरचे तांब्याचे केस एकत्र पिळून सुतळीएवढा जाड पीळ बसवला होता. टोकं काळी पडली होती, चिनी मातीला तडा गेला होता. असला फ्यूज कधी जळत नाही. त्याच्याऐवजी भिंत जळते.

मी जुनी वायर ओढून काढली. लाइट-पंख्यांना दीड स्क्वेअर, एसी आणि गिझरला चार स्क्वेअर, सगळी तांब्याची. एसी-गिझरचं प्रत्येक सर्किट वेगळं, प्रत्येकाला आपापला एमसीबी, आणि सगळ्यांच्या वर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एवढ्या लोडला गळती पकडणारं असं उपकरण नियमानेच लागतं. माझ्या कामाची एवढीच हकीकत. त्यावर आपले पाच दोष असे :

दोष पहिला. ‘अर्थिंग समाधानकारक नाही.’ कोणाचं समाधान झालं नाही, याचा उल्लेख नाही. अर्थिंग ओहममध्ये मोजतात, साहेब. नुसता चेहरा बघून कोणी कुणाच्या तापाचा आकडा लिहीत नाही. माझी हिरवी वायर डीबीपासून सोसायटीच्या अर्थपट्टीपर्यंत अखंड गेली आहे. पट्टी जमिनीत शिरते, आणि पुढचं पेव्हर ब्लॉकला ठाऊक. कंपाऊंड सुशोभित झालं तेव्हा कोळसा-मिठाचा तो खड्डा झाकणासकट ब्लॉकखाली गेला. पूर्वीचा वॉचमन उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचा. आताच्या वॉचमनला तिथे खड्डा आहे हेच माहीत नाही, आणि आपण ज्या गाडीतून उतरलात ती बहुधा त्याच्याच डोक्यावर उभी होती.

दोष दुसरा. ‘धोक्याची पाटी लावलेली नाही.’ कवटी आणि दोन हाडांची ही पाटी नियमाने 250 व्होल्टच्या वरच्या उभारणीला लागते. काकूंच्या घरात सिंगल फेज आहे. तरीही आपला आग्रह असेल तर लोहार चाळीतून हवी तेवढी मोठी पाटी आणून देतो. फक्त ती देवघराच्या बाजूला लावायची की ओट्याच्या वर, तेवढं लेखी कळवावं. काकूंना तोंडी सांगायची माझी छाती नाही.

दोष तिसरा. ‘छतात उघडे जॉईंट आहेत.’ आहेत, आणि वाईट आहेत. माझा हात फिरल्यानंतर तिथे इंटेरिअरवाल्याचा हात फिरला. त्याला फॉल्स सीलिंगमध्ये निळसर उजेड हवा होता. त्याने जवळच्या लाइट पॉइंटवरून वायर उचलली, पिळली, टेप गुंडाळला आणि वर पीओपी मारून टाकलं. माझ्या टेस्ट रिपोर्टमध्ये एकेका सर्किटची नोंद आहे. त्या निळ्या उजेडाचं सर्किट त्यात नाही. दोन कागद शेजारी ठेवले असते तर कोणाचं काम कुठे संपलं ते दिसलं असतं. वायरला हात लावायला परवाना लागतो, असं नियम सांगतो. छताला हात लावायला लागत नाही, आणि वायर छतातूनच जाते!

दोष चौथा. ‘मीटर रूममध्ये अडगळ आहे.’ शंभर टक्के मान्य. तिथे मोडक्या खुर्च्या आहेत, रंगाचे अर्धे डबे आहेत, कोणाच्या तरी मुलाची लहानपणची सायकल आहे, आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर आहे. यातलं माझं काय आहे? सेक्रेटरीसाहेबांकडे चावी मागितली, तर ते म्हणाले, “मखर तेवढं सांभाळून सरकव रे.”

दोष पाचवा. ‘डक्टमध्ये इतर केबल.’ हा मात्र आपल्या यादीतला रत्नासारखा दोष, आणि नेमका तोच शेवटी एका ओळीत उरकला आहे. उंच इमारतीत विजेच्या केबलच्या डक्टमधून दुसरं काहीही न्यायचं नाही, आणि प्रत्येक मजल्यावर डक्ट बुजवून आगीला अडवायचं, असा नियम आहे. इथे टीव्हीच्या केबल आहेत, इंटरनेटच्या आहेत, बंद पडलेल्या कंपन्यांच्याही आहेत. त्या नेण्यासाठी फोडलेली भोकं कोणी बुजवलेली नाहीत. तळमजल्यावर मखर, आणि त्याच्या डोक्यावर सातव्या मजल्यापर्यंत उघडं धुराडं. गोरेगावात 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे जय भवानी इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाड्या आणि साठवलेले कपडे पेटले, आणि वर झोपलेली माणसं गेली. तळमजल्यावरच्या अडगळीचा हिशोब वरच्या मजल्यांना चुकवावा लागतो. पण चौथ्या आणि पाचव्या दोषाची प्रत सोसायटीला गेलेलीच नाही. ती आली एकट्या मला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आता आपल्या यादीत नसलेली एक गोष्ट सांगतो. त्याच मजल्यावरच्या एका घरात आरसीसीबी पावसाळ्यात सारखा पडायचा. मला बोलावलं. गिझरचा एलिमेंट फुटून करंट पाण्यात उतरत होता. एलिमेंट बदला म्हटलं, तर त्यांना आरसीसीबी काढून हवा होता. मी नाही म्हणालो. पुढे कोणीतरी हो म्हणालं. आता तिथे आरसीसीबी दिमाखात बसला आहे, वायर मात्र त्याला वळसा घालून गेली आहे. त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून बघा : आरसीसीबी पडतो, आणि घरातले दिवे तसेच चालू राहतात. त्या मजल्यावर आपण जिथे उभं राहून यादी लिहिलीत, त्या घराचं दार तिथून हाताच्या अंतरावर होतं. पण त्या घराने लोड वाढवून मागितलेला नाही, टेस्ट रिपोर्ट दिलेला नाही, म्हणून त्याला दोषही नाही. ज्याने कागद दिला तो दोषी, ज्याने गुपचूप उरकलं तो सुरक्षित. उद्या दुसऱ्या एखाद्या काकूंनी विचारलं, की रीतसर अर्ज करू का नाक्यावरच्या पोराकडून करून घेऊ, तर मी काय सल्ला द्यावा?

साहेब, नियमांशी माझं वाकडं नाही. उलट आमच्या धंद्यात त्यांच्यासारखं सरळ बोलणारं दुसरं कोणी नाही. फेज आणि अर्थ यांच्यात मेगरने 500 व्होल्ट डीसी एक मिनिट लावा; रोध निदान एक मेगओहम आला पाहिजे. उभारणीची फेरतपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांनी झालीच पाहिजे. यात मत नाही, शेरा नाही, समाधान नाही. आकडा आहे आणि मुदत आहे. आपल्या यादीत आकडे एकाच जातीचे आहेत : अनुक्रमांक.

अशा यादीवर पुढे काय होणार, तेही आपण जाणता. काकू पाटी लावतील, मी ‘पूर्तता केली’ असं लिहून देईन, आपण फाइल बंद कराल. अडगळ एक दिवस जिन्याखाली जाईल आणि दुसऱ्या दिवशी परत येईल. खड्डा ब्लॉकखाली, भोकं उघडी, शेजारचा वळसा जागच्या जागी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याने चोऱ्या थांबत नाहीत, फक्त संन्यासी गाव सोडतो. परवाना असलेले आम्ही लोक हळूहळू घरगुती कामं सोडून मोठ्या साइटवर जातो ते यामुळेच, आणि जुन्या इमारती टेप गुंडाळणाऱ्यांच्या हाती उरतात.

तेव्हा विनंती एवढीच, की हीच यादी नव्याने द्यावी. प्रत्येक दोषापुढे दोन रकाने वाढवावेत : मोजून आलेला आकडा, आणि ती वस्तू कोणाच्या ताब्यातली आहे त्याचं नाव. माझ्या नावापुढे जे उरेल ते मी पदरचे पैसे घालून दुरुस्त करीन. यायचं ते पावसाआधी यावं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरातल्या कितीतरी मीटर रूममध्ये पाणी शिरलं. या इमारतीचीही तळमजल्यावरच आहे, आणि थर्माकोल तरंगतं, मीटर नाही.

मेगर नसला तर माझा आहे. हँडल फिरवायला पोरगा देतो. एक मिनिट लागेल, आणि ते एक मिनिटही नियमातच लिहिलेलं आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
टेस्ट रिपोर्टवर सही करणारा
परवानाधारक विद्युत कंत्राटदार, अंधेरी (पूर्व)

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
1. सेक्रेटरीसाहेब (खड्डा शोधण्यासाठी)
2. इंटेरिअरवाले (छत उघडण्यासाठी)
3. शेजारचं घर (अंघोळीआधी वाचण्यासाठी)