एदलाबाद–भुसावळ, व्हाया डालडा

आमच्या एसटीच्या पोटात ताडासारखं एक झाड आहे. खिडकीतून डोकावलं की पिवळ्या जमिनीवर हिरवंगार दिसतं. बाहेरून लाल डब्बा आणि आतून डालड्याचा डबा, अशी ही गाडी. डालडा 1937 साली भारतात आला, आणि त्याचा डबा तूप संपल्यावर कधीच निवृत्त झाला नाही. त्यात डाळ राहिली, तुळस वाढली, आणि एक डबा कुणा कारागिराच्या हाती लागून चांगदेव–मुक्ताईच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत बस होऊन विकायला बसला. चाकं बूटपॉलिशच्या झाकणांची, आस सायकलच्या तारेचा. वडिलांनी ती घेतली तेव्हा मुक्ताईनगरला लोक अजून एदलाबाद म्हणत.

माळा आवरताना ती सापडली आणि मी तिला पूर्वीसारखी करायचं जाहीर केलं. आमच्या गावात असं काही जाहीर केलं की ते काम आपलं राहत नाही.

पहिला मान पत्र्याचं काम करणाऱ्याचा. पण दिवस चैत्राचे. खानदेशात चैत्रात पत्रेवाल्याला गाठणं म्हणजे लग्नसराईत आचाऱ्याला गाठणं. त्याच्या दुकानापुढे कुलरच्या बॉड्यांची रांग, मागे धान्याच्या कोठ्या. त्याने गाडी उलटी केली, झाड पाहिलं आणि म्हणाला, "काय करून राह्यला भाऊ? फेका हे. गॅल्व्हनाइजच्या पत्र्याची नवी करून देतो. म्हणशीन तर मागून पंखा बसवतो, शिवशाही होऊन जाईन." मी फक्त निखळलेल्या टपाला डाख लावून मागितला. एवढ्या छोट्या कामाला त्याने नवसागर शोधायलाच अर्धी दुपार लावली.

गंज मी घरीच काढला. डब्याच्या पत्र्यावर कथिलाचा मुलामा असतो. तो शाबूत असेपर्यंत लोखंड सुखात. पण एकदा ओरखडा पडला की कथिल शहाजोगपणे बाजूला राहतं आणि लोखंड उलट जास्त जोमाने गंजतं. (अशी माणसंही माझ्या पाहण्यात आहेत, पण ती सगळी नात्यातली.) चिंचेच्या कोळात गाडी भिजत घातली. त्या आठवड्यात घरात सार झालं नाही, आणि का झालं नाही हे आल्यागेल्याला गाडीसकट दाखवण्यात आलं.

रंगाची वेळ आली तेव्हा पुण्याहून भाचा आलेला होता. तो जुन्या खेळण्यांच्या लिलावांचे व्हिडिओ पाहतो. "मामा, रंगाला हात लावू नका! मूळ रंग गेला की किंमत गेली." वर त्याने 1945 चा दाखला दिला: युद्धात होरपळलेल्या जपानमध्ये कोसुगे नावाच्या माणसाने अमेरिकी सैन्याने टाकून दिलेल्या डब्यांतून छोट्या जीपगाड्या केल्या आणि त्या क्योटोत हातोहात खपल्या. ऐकून मला आमच्या डालड्याचा अभिमान वाटला. पण लाल रंग नखानेही निघत होता आणि खाली पिवळा लागत होता. मूळ रंगच ठेवायचा तर ही गाडी वनस्पती तुपाची ठरणार.

इथे शेजारचे नाना आले. नाना एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण एसटी नानांतून अजून निवृत्त झालेली नाही. "मूळ कशाचं घेऊन बसले? 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली गाडी निघाली ती निळी होती, टप चंदेरी, बॉडी लाकडाची. लाल मागून आला. आणि गाडीचा सांगाडा जुना झाला की दापोडीला, चिकलठाण्याला नाहीतर हिंगण्याला जातो, नवी बॉडी लेवून येतो. मूळ कोणती म्हणशीन?" भाचा गप्प झाला. पुण्याच्या माणसाला दापोडीचं नाव सांगून गप्प केल्याचं समाधान नानांना दोन दिवस पुरलं.

लाल ऑइलपेंट लागला. केळीच्या ट्रकांवर नावं लिहिणारा पेंटर सरावाने नंबर लिहायला लागला: एमएच 19. नानांनी ब्रश धरला. "गाडी आपल्या आगारची असली तरी बॉडी चिकलठाण्याची ना? मग नंबर 20 चा पडतो. दापोडीची असती तर 14." यात्रेतली गाडी चिकलठाण्याला कधी गेली, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग पेंटरने विचारलं, "पाटीवर काय लिहू?"

जुन्या पाटीवर '…लाबाद' एवढंच उरलं होतं. भाच्याला एदलाबादच हवं होतं. आई म्हणाली, मुक्ताईच्या गावात राहून तिचं नाव टाळायचं? आषाढीला इथून पालखी निघते, ती काय एदलाबादची म्हणून निघते का? पेंटर रंगाचा डबा हातात धरून उभा. निवाडा नानांनी दिला: एसटीची पाटी कधी कायमची नसते, ती बदलते. पत्रेवाल्याने कुलरच्या कातरणातून खाचेत सरकणारी पाटी केली. एका अंगाला मुक्ताईनगर–भुसावळ, दुसऱ्या अंगाला एदलाबाद–भुसावळ.

गाडी तयार झाली तसा नातवाने तिला दोरी बांधली. नानांनी वाकून आत पाहिलं, झाड ओलांडून पार मागच्या बाकापर्यंत, आणि हात आडवा केला. "घंटी कुठं आहे? घंटीशिवाय गाडी सोडता येत नाही."

पत्रेवाला म्हणतो, घंटी पाऊस पडल्यावर बघू, आत्ता कुलर आहेत. तोवर गाडी कपाटावर उभी आहे. पाहुणा पुण्याचा असला की आम्ही पाटी एदलाबादची लावतो. आई घरात असली की मुक्ताईनगरची.