समरकंद, विनाप्रतीक्षा

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या एका कारखानदाराने (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्याच साच्यातून निघालेले गृहस्थ महाळुंग्यापासून निघोज्यापर्यंत हवे तितके सापडतील) आपल्या आगामी समरकंद-प्रवासाचा जो मसुदा परवा आमच्या अवलोकनार्थ धाडला, त्यात तीन रात्री-चार दिवसांचा बंदोबस्त, पंचतारांकित मुक्काम, दिमतीस काळी मोटार, दुभाष्या, छायाचित्रकार असा सारा सरंजाम यथास्थित होता; परंतु आमची दृष्टी खिळून राहिली ती तक्त्याच्या अखेरच्या रकान्यावर. रकान्याचे शीर्षक ‘वेटिंग’. त्याखाली २७ ओळी, आणि प्रत्येक ओळीतील हिरव्या चौकटीत एकच आकडा: ०.००. साधे शून्य नव्हे. दशांशचिन्हापुढे दोन घरांपर्यंत तपासून मंजूर केलेले शून्य.

‘‘लग्झरी म्हणजे तरी काय हो?’’ खुलासा विचारताच ते म्हणाले. ‘‘गादी, झुंबर, शॉवर, सगळं घरी आहे. चार दिवस कुठंही थांबायचं नाही, त्याचेच तर पैसे मोजतोय.’’

या व्याख्येचा अंमल किती कठोरपणे झाला आहे, हे ताश्कंद ते समरकंद या टप्प्यावरून कळते. त्या मार्गावर २०११ पासून एक वेगवान आगगाडी धावते आणि ३४४ किलोमीटरचे अंतर दोन तासांहून थोड्या अधिक वेळात तोडते; परंतु गाडी म्हटली की स्थानक आले, स्थानक म्हटले की अर्धा तास आधी पोहोचणे आले, आणि तेवढ्या अर्ध्या तासाने रकाना ०.५० झाला असता. सबब आगगाडी रद्द. त्याऐवजी काळ्या मोटारीतून चारएक तासांचा प्रवास, प्रतीक्षा ०.००. मोटारीत चार तास बसून राहणे आणि स्थानकावर अर्धा तास थांबणे यांत अधिक वेळ कशात जातो, हा प्रश्न आम्ही विचारून पाहिला. परंतु कारखानदारीच्या शास्त्रात जे यंत्र हलते आहे ते उत्पादनच करीत असते, अशी समजूत असल्यामुळे आमचा प्रश्न गैरलागू ठरला.

रेगिस्तानच्या चौकास ४५ मिनिटे दिली आहेत. मदरसे तीन, म्हणून प्रत्येकी १५. उलुगबेगाचा १४२० साली पुरा झालेला आणि शेरदोर व तिल्लाकारी हे त्याच्या दोनशे वर्षांनंतरचे, परंतु तक्त्यापुढे वयाचा मान राखण्याचे कारण नाही. उलुगबेगाच्या वेधशाळेस २० मिनिटे. त्या विद्वान राजपुत्राच्या पदरी असलेल्या ज्योतिषांनी वर्षानुवर्षे रात्री जागवून १४३७ साली १०१८ ताऱ्यांची सारणी सिद्ध केली. आम्ही भागाकार करून पाहिला. एका ताऱ्याच्या वाट्यास सव्वा सेकंदही येत नाही, आणि या गृहस्थांच्या कारखान्यात एक बुश याहून अधिक वेळ खातो. हे निदर्शनास आणून दिले असता, ‘‘तारे आता कुठं आहेत तिथं? जमिनीखालचा एक चर शिल्लक आहे नुसता,’’ असे उत्तर मिळाले, जे वस्तुस्थितीस धरून असल्यामुळे आम्हांस निमूट ऐकून घ्यावे लागले.

वास्तविक समरकंद हे प्रतीक्षेचेच नगर आहे. बाबराने १४९७ साली त्याच्या तटाबाहेर सात महिने तळ दिला, तेव्हा कुठे ते हाती आले. आणि आले ते जेमतेम शंभर दिवस टिकले. कॅस्टिलच्या राजाचा वकील क्लाविहो १४०३ च्या मे महिन्यात निघाला, तो दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा सरता सरता तेथे पोहोचला, आणि पोहोचल्यावरही तैमूरने त्यास लगेच भेट दिली नाही. वकील जितका मोठा तितके त्यास अधिक दिवस तिष्ठत ठेवावे, असा त्या दरबाराचा रिवाजच असल्याचे त्याने आपल्या वृत्तांतात नमूद केले आहे. हा रिवाज मध्य आशियात आता नामशेष झाला असेल. चाकणात तो नित्याचा आहे, फरक इतकाच की येथे माणूस जितका लहान तितके त्याचे तिष्ठणे लांब.

भोसरीच्या एखाद्या गाळ्यात दोन लेथ टाकून बसलेला जॉबवर्कवाला माल पोहोचवितो आणि देयक घेऊन येतो. त्यास प्रथम सांगण्यात येते की जीआरएन झालेला नाही. मग, अकाउंट्सला टाकले आहे. मग, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मग, या सायकलला राहिले, पुढच्या सायकलला घेऊ. लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत, न केल्यास चक्रवाढ व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून या देशाच्या दफ्तरी आहे. परंतु त्या कायद्याचे नाव काढणाऱ्यास पुढची ऑर्डर मिळत नाही, हा अलिखित कायदा त्याहून जुना आणि त्याहून अधिक पाळला जाणारा. स्वागतकक्षातल्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात ‘व्हिजिटर’ची चिठ्ठी अडकवून, मांडीवर फाइल धरून, समोरच्या भिंतीवरील गुणवत्तेचे प्रमाणपत्र पाठ होईपर्यंत वाचीत बसलेल्या या माणसाचा ‘वेटिंग’चा रकाना कोणी भरला आहे काय? आणि दरवाजाबाहेरचा ट्रकवाला? माल नेमक्या क्षणी यावा, गोदामात साठा नसावा, अशी जी जपानी रीत आमच्या कारखानदारांनी अंगीकारली, तिचा चाकणी अनुवाद असा झाला की गोदाम उचलून रस्त्यावर आणले, त्याला चाके लावली आणि आत एक चालक बसविला. तो चालक रस्त्याच्या कडेला टायरच्या सावलीत रात्र काढतो, स्टोव्हवर भात शिजवितो, आतून हाक येण्याची वाट पाहतो. त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे दहावा. आणि या रांगेने तळेगाव-चाकण रस्त्याची एक बाजू गिळल्यावर, तळेगाव चौकात तास-दीड तास अडकून पडलेले आमचे हे गृहस्थ काच खाली करून शासनास शिव्या देतात. अहो, पुढे आडवा लागलेला तो ट्रक तुमचाच माल घेऊन आला आहे! तो तुम्हीच काल संध्याकाळपासून उभा करून ठेवला आहे! थांबणे नाहीसे होत नसते, महाराज. ते दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडते, आणि ज्याचे खाते सर्वांत पातळ त्याच्याच नावे पडते.

असो. रागाने लिहू नये, असे संपादकांचे सांगणे आहे.

ऐतिहासिक नगरच पाहावयाचे तर चाकण काय वाईट, असेही आम्ही सुचवून पाहिले. ‘‘चाकणला बघण्यासारखं काय आहे?’’ वास्तविक समरकंदच्या तैमूराचा वंशज जो औरंगजेब, त्याच्या मामासच हे गाव पाहण्याची अशी ओढ लागली की १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखान संग्रामदुर्गाबाहेर सुमारे ५६ दिवस मुक्काम ठोकून होता, आणि तोही पंचतारांकित सोय नसताना. आत फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी कुमकेची वाट पाहत लढत राहिला. कुमक आली नाही, सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा गड गेला. त्या गडाचे अवशेष आमच्या स्नेह्यांच्या कारखान्यापासून फार लांब नाहीत. ते त्यांनी पाहिलेले नाहीत, कारण तेथे गाडी लावावयास जागा नाही.

तक्त्यातली एक त्रुटी मात्र त्यांनी मान्य केली. २७ ओळी मुंबईच्या विमानतळापासून सुरू होतात. चाकण ते मुंबई हा टप्पा त्यांत कोठेच नाही. विमान पहाटेचे, चौकाचा भरवसा नाही म्हणून आदल्या दुपारीच निघावयाचे आणि रात्र विमानतळाच्या बाकड्यावर काढावयाची असे ठरले आहे. तो हिशेब त्यांनी ‘इतर’ नावाच्या वेगळ्या पानावर मांडला असून ते पान ‘हाइड’ करून ठेवले आहे.

दरम्यान, धनादेशांवर सही करणारे साहेब परदेशी असल्यामुळे पुरवठादारांची या महिन्याची देयके पुढील महिन्यावर गेली आहेत, सहकार्याबद्दल आभार, असा ई-मेल त्यांच्या कारकुनाने काल सर्वांना धाडला. साहेब निघावयास अजून नऊ दिवस आहेत.