टिपाड हटवा, शॉवर बसवा : मुखेडकरांसाठी खर्चाचा अंदाज

न्हाणीघरातला टब काढून शॉवर बसवायचा तर आधी टब असावा लागतो. मुखेडात तो बहुधा नसतो, पण म्हणून कुणी खट्टू होऊ नये. टबाचा मान आपल्याकडे निळ्या टिपाडाला आहे. दोनशे लिटरचं, तोंड कापलेलं, वर फळीचं झाकण. झाकणावर साबणाची वडी, वजरी आणि केस झडलेले दोन ब्रश. शॉवरसाठी मिस्त्री जो कोपरा पसंत करतो, नेमकं त्याच कोपऱ्यात हे उभं असतं. तेव्हा पहिला खर्च टिपाड हटवण्याचा.

हा खर्च कागदावर शून्य दिसतो आणि अंदाजपत्रक इथंच फसतं. भरलेलं टिपाड दोनशे किलोचं. ते हलत नाही. रिकामं करावं तर घरात कुणी करू देत नाही, कारण नळ कधी येईल ते माहीत नसल्यामुळेच ते ठेवलेलं असतं. मुहूर्त काढायचाच तर जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर काढावा. घरातल्या थोरल्या बाईंना मात्र आधी विचारावं. त्या 2016 सालची आठवण काढतील, ती मुकाट्यानं ऐकून घ्यावी.

आठवण खरीच आहे. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. साधा शॉवर मिनिटाला दहा लिटर सोडतो असं धरलं, तर दहा-दहा मिनिटांच्या पाच हजार अंघोळींत गाडी रिकामी. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर भरली होती. बाकीच्यांनी मिरजेलाच जाऊन न्हाऊन यावं, असं तेव्हा कुणाला सुचलं नाही.

बादलीचा हिशेब वेगळा. पंधरा-सोळा लिटर पाणी, त्यात डोकं, पाठ, मान, आणि शेवटचा तांब्या पायांवर घेऊन माणूस बाहेर. तळ दिसला की अंघोळ संपते. शॉवरला तळच नाही. आठ मिनिटांत ऐंशी लिटर; पाच माणसांचे चारशे, म्हणजे रोज दोन टिपाडं. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला दिवसाकाठी 55 लिटर धरलेत, पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं त्यात. साडेपाच मिनिटं शॉवरखाली उभं राहिलेल्या माणसानं त्या दिवशी पुन्हा चहाही मागू नये. पाच हजार लिटरचा टँकर बारा दिवस पुरतो, तोही नुसत्या अंघोळीला. टँकरचं भाडं अंदाजपत्रकात लिहू नये. कागद घरच्यांच्या हाती लागतो.

आता तोडफोड. शॉवर शे-दोनशे रुपयांचा प्लास्टिकचाही मिळतो. महाग पडते ती भिंत. पाइप भिंतीतून न्यायला छिन्नी लावली की एका टाइलबरोबर चार निघतात, आणि तो नमुना दुकानात आता येत नाही. मग सगळी भिंत नवी. भिंत नवी झाली की खालची शहाबादी फरशी डोळ्यांत सलू लागते. मिस्त्रीला दोष देऊ नये. तो बिचारा पहिल्याच दिवशी सांगून मोकळा होतो, “मालक, शॉवर म्या बसवतो, पाणी तेवढं तुमी बगा.”

पाण्याचं बघितलं तरी दाब उरतोच. दहा मीटर उंचीवरून उतरलेल्या पाण्याला साधारण एक किलोचा दाब असतो. आपली टाकी स्लॅबवर टेकलेली आणि शॉवर तिच्याखाली चार-पाच फुटांवर. टाकी अर्धी असेल तर दाब पाव किलोही भरत नाही. महादेवाच्या पिंडीवर गळती धरावी तशी धार टाळूच्या मधोमध पडत राहते. दशरथेश्वर महादेवाच्या मुखेडला ती नवी नाही, पण देवाला अंगाचा साबण धुवायचा नसतो. यावर टाकीखाली लोखंडी स्टँड करावा, नाहीतर पंप बसवावा. पंपाला लाईट लागते. पुढचं सांगत नाही.

गीझर पंधरा लिटरचा घेतात. कढत पाण्यात गार मिसळून दुप्पट केलं तरी तीस लिटर, म्हणजे तीन मिनिटं. डोळ्यांत शाम्पू असतानाच ते संपतं. दोन किलोवॅटच्या गीझरला परत तापायला पाव तास हवा. तोवर कुडकुडत उभं राहावं, कारण तांब्याचा बंब शॉवरच्याच पैशांसाठी मोडीत घातलेला असतो. घंगाळ मात्र विकू नये. दिवाळीचं पहिलं पाणी आणि बाळंतिणीचं न्हाणं शॉवरखाली उरकता येतं, असं घरातल्या बायकांना पटवून देणारा माणूस अजून पाहण्यात नाही.

शेवटी देखभाल. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं काही महिन्यांतच शॉवरची छिद्रं बुजतात. उरलेल्यांतून धारा वाट फुटेल तिकडे उडतात: एक धार कानात, एक थेट दारामागच्या कोरड्या टॉवेलवर. अशा वेळी शॉवरचं तोंड फिरवून काढावं, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात रात्रभर बुडवून ठेवावं, सकाळी जुन्या ब्रशनं घासावं. तोवर टिपाडातून बादली भरून घ्यावी. ही रात्र मुखेडात साधारण फेब्रुवारीअखेर सुरू होते आणि मृग निघेपर्यंत चालते.