कर्नलमापनशास्त्र : एक अल्प परंतु अवजड प्रबंध

प्रस्तुत प्रबंधाचा विषय टक्का हा आहे. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, कोणी चार ओळी बदलल्या की संगणक किती टक्क्यांनी मंदावतो, हा प्रश्न विद्वज्जनांत जुना आहे. उत्तर मात्र रोज नवे निघते.

विषय. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली खोट जगजाहीर झाली. लिनक्स ४.१५ मध्ये तिच्यावर उतारा आला : पेज टेबल आयसोलेशन. कर्नलची आणि प्रोग्रामची पेज टेबले, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांच्या नोंदवह्या, वेगळी झाली आणि प्रत्येक सिस्टीम कॉलला, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला घातलेल्या सादेला, जाताना एकदा, येताना एकदा टेबल बदलण्याचा खटाटोप मागे लागला.

पूर्वपक्ष. मग मंदावले किती? हा बदल करणाऱ्या पॅचकर्त्यांनी साधारण ५ टक्के सांगितले आणि तो ढोबळ आकडा असल्याचेही कबूल केले. लूपबॅक नेटवर्कच्या एका चाचणीत त्यांनाच सुमारे ३० टक्के दिसले. बातम्यांनी अर्थातच ३० उचलले. तेव्हा नेटफ्लिक्समध्ये असलेल्या ब्रेंडन ग्रेग यांनी आपल्याकडच्या कामांपुरता अंदाज बांधला, ०.१ ते ६ टक्के. इतकी मतभिन्नता पंचांगकर्त्यांतही आढळत नाही.

उत्तरपक्ष. सगळेच बरोबर. जो प्रोग्राम कर्नलचे दार सतत ठोठावतो, त्याला दंड जबर. जो आपल्याशीच आकडेमोड करत बसतो, त्याला दंडाचा पत्ताही लागत नाही. प्रोसेसरमध्ये पीसीआयडीची, म्हणजे पत्त्यांच्या नोंदींवर ओळखक्रमांक लावण्याची, सोय असली तर दर फेरीला टीएलबी, म्हणजे त्या नोंदींचा हाताशी ठेवलेला साठा, रिकामा करावा लागत नाही आणि दंडात सूट मिळते.

उपाधी. आता क्षुद्र बाबी. खरे शास्त्र येथेच राहते.

१. काळ. जुना कर्नल सकाळपासून चालू, फायली रॅममध्ये येऊन बसलेल्या. नवा नुकताच रीबूट केलेला, त्याला प्रत्येक फाईल डिस्कवरून आणायची. अशा कुस्तीचा निकाल जोड लागण्याआधीच ठरलेला असतो.

२. चार्जर. लॅपटॉपची पिन निघाली, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’वर गेला, की बोल पॅचला लागतो.

३. नाम. मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची लांबी बदलली तरी स्टॅकचा पत्ता सरकतो आणि प्रोग्रामचा वेग बदलू शकतो. लॉगइनचे नावही त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये असते. तेव्हा ‘राम’ आणि ‘पुरुषोत्तम’ यांनी परस्परांचे आकडे ताडून पाहू नयेत, हे उत्तम.

४. कंठ. याच ग्रेग यांनी २००८ मध्ये डेटा सेंटरमध्ये डिस्कांसमोर ओरडून दाखवले; थरथरीने डिस्कांचा विलंब वाढलेला आलेखावर स्पष्ट दिसला. मापन चालू असताना खोलीत वाद घालू नये, हा नियम यावरून सिद्ध होतो.

सिद्धान्त. दोन टक्क्यांचा फरक सांगणाऱ्याने आधी तोच कर्नल, काहीही न बदलता, पुन्हा पुन्हा मोजावा. त्याचे स्वतःशीच तीन टक्क्यांनी पटत नसेल, तर नव्याशी असलेला दोन टक्क्यांचा तंटा फेटाळण्यात यावा. आणि यंत्र कोणते, काम कोणते, फेऱ्या किती, त्यांत तफावत किती, हे न सांगता आलेला कोणताही टक्का, मग तो कितीही दशांशांपर्यंत काढलेला असो, अफवा म्हणून नोंदवावा.