नारायण पेठेतल्या कव्हराखालच्या गाडीच्या मालकांस



आपलं नाव मला माहीत नाही, पत्ताही नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय. आपली गाडी मात्र माझ्या चांगल्या परिचयाची आहे. म्हणजे तिचं कव्हर परिचयाचं आहे. आमच्या ऑफिसच्या दारासमोरच, करड्या कव्हराखाली, विटेवर टेकवलेल्या चाकानिशी ती उभी असते. कव्हराखाली नेमकी कोणती गाडी आहे यावर आमच्याकडे दोन तट आहेत. मी झेन म्हणतो, अकाउंट्सवाले एस्टीम म्हणतात. कव्हर उचलून बघण्याइतके असभ्य आम्ही कोणीच नाही.

तक्रारीचं पत्र असेल असं समजून पुढचं वाचायचं टाळू नका. हे अभिनंदनाचं पत्र आहे. नोकरीच्या जागेजवळ गाडी कुठे लावावी, पैसे वाचवावेत की पाय, या प्रश्नावर आमच्या ऑफिसात डब्याच्या वेळी रोज खल होतो. तो प्रश्न आपण एकदाच, कायमचा आणि शून्य रुपयांत सोडवलात.

आपल्याला नेमकं काय मिळालंय याचा कदाचित आपल्यालाही अंदाज नसेल. बांधकामाच्या नियमांत एका मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. नारायण पेठेत १३५ चौरस फुटांत एखादा माणूस झेरॉक्सचं दुकान थाटतो आणि त्यावर दोन मुलींची लग्नं करतो. तो भाडं भरतो, वीजबिल भरतो, मिळकतकर भरतो, वर गणपतीची वर्गणीही देतो. आपण त्याच रस्त्यावर, त्याच्याच दुकानापुढे, तेवढीच जागा घेतलीत आणि वर्गणीची पावतीसुद्धा फाडावी लागली नाही.

आपल्या रस्त्याला पी-१, पी-२ आहे. सम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, विषम तारखेला दुसऱ्या. वर्षातल्या सात महिन्यांना ३१ तारीख असते आणि ३१ नंतर लगेच १ येते, दोन्ही विषम. त्यामुळे वर्षातून सात वेळा आपली गाडी सलग दोन दिवस कायदेशीर उभी असते. लीप वर्षी २९ फेब्रुवारीची भर. बाकीच्या सम तारखांना ती कशाच्या आधारावर उभी असते हा प्रश्न टोइंगवाल्यांना पडत नाही. कव्हर घातलेली गाडी त्यांना गाडी वाटत नसावी, कोणाच्या तरी घरातलं सामान वाटत असावं.

मध्यंतरी रस्त्याचं डांबरीकरण झालं. रोलर आला, आपल्या गाडीपाशी थांबला, वळसा घालून पुढे गेला. आता तिच्याखालचा तेवढा आयत जुन्या डांबराचा आहे आणि सभोवती नवा रस्ता आहे. सिटी सर्व्हेच्या नकाशावर अजून तो आयत आलेला नाही, पण जमिनीवर हद्द पक्की आखली गेली आहे.

आता आमची अवस्था ऐका.

आमच्यापुढे पर्याय तीन. पहिला, शेजारच्या गल्लीतला पाडलेला वाडा. वारसांचा दावा कोर्टात आहे, तो निकाली निघेपर्यंत तिथे पे अँड पार्क चालतं. महिन्याचे २,५०० रुपये, किल्ली तिथल्या काकांकडे ठेवायची, कारण आपल्या पुढे आणखी दोन गाड्या असतात. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर रोजचे शंभर. दुसरा, मंडईजवळचे महापालिकेचे बहुमजली वाहनतळ. दर कमी, पण तिथून आमच्यापर्यंत उन्हातून, बोळांतून, हातगाड्यांतून दहा-बारा मिनिटं चालायचं. तिसरा पर्याय रस्ता. रस्ता फुकट आहे.

‘शंभर रुपये?’ असं आमच्यातला प्रत्येक जण दचकून म्हणतो, आणि तिसरा पर्याय निवडतो.

एक बाई साडेदहाच्या ऑफिसला सव्वाआठला येतात, कारण त्या वेळी कोपऱ्यावर जागा मिळते. सव्वादोन तास गाडीत बसून त्या पेपर वाचतात. त्यांच्या मते पार्किंग फुकट पडतं. दुसरे एक गृहस्थ शनिवार पेठ, नारायण पेठ, सदाशिव पेठ असा फेरा मारत राहतात. त्यांना लांबून कोणी गाडीत बसताना दिसलं की ते ब्लिंकर लावून मागे उभे राहतात, आणि तो माणूस फक्त सीटवरचा चष्मा काढून निघून जातो. पेट्रोल जळतं, मागचे हॉर्न देतात, पण हे सगळं ‘पार्किंग’ या सदराखाली येत नसल्यामुळे तेही फुकटच.

आणि एक जण नदीपात्रात लावतात. ही जागा बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवी. भिडे पुलाच्या बाजूला मुठेच्या पात्रात शेकडो गाड्या उभ्या असतात. लांबरुंद मोकळी जागा, पैसे मागायला कोणी नाही. फक्त पावसाळ्यात खडकवासला भरलं की पाणी सोडतात, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातल्या गाड्या काढा अशा सूचना फिरू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये आमचे हे सहकारी मोबाइलवर धरणाचा विसर्ग बघत काम करतात. साहेबांबरोबर मीटिंग चालू असताना ते एकदम उठतात आणि ‘बावीस हजार’ म्हणून धावत सुटतात. नवीन माणसाला वाटतं शेअर बाजार कोसळला. जगात क्युसेकमध्ये भाडं आकारणारं हे एकच वाहनतळ असावं. आणि तरीही त्यांचं आमच्याशी एका बाबतीत एकमत आहे : शंभर रुपये जास्त होतात.

दंडाचा हिशेबही आम्ही मांडून बघितला. (आम्ही पेठेतली माणसं आहोत, हिशेब मांडल्याशिवाय नियम मोडत नाही.) नो पार्किंगला पहिल्या वेळी ५०० रुपये. म्हणजे पाच दिवसांत एकदा गाडी उचलली गेली तरी वाड्याच्या भाड्याशी बरोबरी. दुसऱ्या वेळेपासून १,५००; मग पंधरा दिवसांत एकदा. टोइंगचे पैसे वेगळे. पण गाडी सोडवायला रिक्षाने जायचं, रांगेत उभं राहायचं, अर्धा दिवस रजा टाकायची आणि साहेबांना घरी कोणीतरी आजारी पडल्याचं सांगायचं, याला किती रुपये लावायचे यावर अकाउंट्सवाल्यांचं घोडं अडलं. त्यांनी तो रकाना कोरा ठेवला. कोऱ्या रकान्याची बेरीज शून्य येते, म्हणून रस्ता जिंकला.

आता जरा आपल्या पूर्वजांविषयी. रस्त्यावर दिवसभर गाडी ठेवणारा माणूस पुण्यात जन्माला आलेला नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत १९३०च्या दशकात नेमकं हेच झालं होतं. बाजारपेठेतल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणारी मंडळी सकाळीच येऊन दुकानांसमोर गाड्या लावत आणि संध्याकाळी काढत. गिऱ्हाइकाला थांबायला जागा नाही; दुकानदार हैराण, आणि जागा अडवणारे त्यांचेच नोकर. तिथल्या कार्ल मॅगी नावाच्या वर्तमानपत्राच्या संपादकाने यावर नाणं टाकायचं यंत्र काढलं. जुलै १९३५मध्ये जगातला पहिला पार्किंग मीटर तिथे लागला. तासाला पाच सेंट. संपादकाने अग्रलेख लिहिण्यापलीकडे काही केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे.

पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक आयुष्यभर हाच एक विषय घेऊन बसले. २००५ साली त्यांनी फुकट पार्किंगची किंमत किती जबर असते यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांनी आपल्या विद्यापीठाशेजारचा पंधरा ब्लॉकांचा एक भाग घेतला आणि स्वस्त जागेच्या शोधात तिथे गाड्या वर्षभरात किती भटकतात ते काढलं. आकडा आला सुमारे साडेनऊ लाख मैल. म्हणजे पृथ्वीला अडतीस प्रदक्षिणा, त्या पंधरा ब्लॉकांतल्या पंधरा ब्लॉकांत. आमचे ते तीन पेठांचा फेरा मारणारे गृहस्थ हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘त्यांच्याकडे पेट्रोल स्वस्त आहे.’

शूप यांचं म्हणणं फार साधं होतं. रस्त्यालगतच्या जागेला एवढाच दर लावा की प्रत्येक गल्लीत एखादी-दुसरी जागा मोकळी राहील. ज्याला पाच मिनिटांचं काम आहे तो पाच मिनिटांचे पैसे देईल, ज्याला दिवस काढायचा आहे तो लांब लावून चालेल. हे पुण्यात बोलून बघा. महापालिकेने २०१८च्या मार्चमध्ये पार्किंगचं धोरण आणलं तेव्हा शहरात असा गदारोळ झाला की जणू श्वासावर कर बसतोय. शेवटी प्रयोग म्हणून फक्त पाच रस्त्यांपुरतं ते मंजूर झालं आणि पुढे वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. त्या कागदाला मात्र फाइलीत जागा मिळाली.

माझा खरा राग आपल्यावर नाही, आमच्या ऑफिसवर आहे. इमारतीच्या तळघरात मोजक्या जागा आहेत. त्या साहेबलोकांना पदाप्रमाणे फुकट वाटल्या आहेत, खांबावर पिवळ्या रंगात नावासकट. म्हणजे ज्याचा पगार सगळ्यांत जास्त त्याला शंभर रुपये रोजचा भत्ता, आणि आमचे शिपाई मामा, जे कात्रजहून बसने लोंबकळत येतात, त्यांना काही नाही, कारण त्यांनी कोणतीच जागा अडवली नाही. कॅलिफोर्नियात १९९२ साली शूप यांच्याच सूचनेवरून यावर कायदा झाला : जी कंपनी भाड्याने जागा घेऊन नोकरांना फुकट पार्किंग देते, तिने ते नको म्हणणाऱ्याला तेवढे पैसे रोख द्यावेत. आठ कंपन्यांत याचा परिणाम तपासला. आधी शंभरातले शहात्तर एकएकटे गाडी हाकत यायचे, नंतर त्रेसष्ट. कोणावर बंदी नाही, कोणाला दंड नाही; फक्त फुकट वाटणाऱ्या वस्तूचा भाव लोकांच्या हातात नोटांच्या रूपात ठेवला. मी हा प्रस्ताव आमच्या प्रशासन विभागाला दिला. त्यांनी तो आस्थेने वाचला, आणि मला तळघरात जागा हवी आहे असा त्याचा अर्थ काढून प्रतीक्षा यादीत माझं नाव घातलं.

आपल्याला एका गोष्टीची कुणकुण लागली असेल, म्हणून धीर देतो. जपानात १९६२पासून कायदा आहे की घराजवळ रस्त्याबाहेर गाडी ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला आणल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. २०२५च्या मे महिन्यात आपले परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनीही तसंच काहीसं जाहीर केलं : पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही. ‘नव्या’ हा शब्द नीट वाचा. आपली गाडी झेन असो वा एस्टीम, तिला कसलीही भीती नाही.

तर मुद्द्यावर येतो. आपल्या या जागेची पगडी किती घ्याल? मालकी महापालिकेची आहे हे मला ठाऊक आहे, पण वहिवाट आपली आहे, आणि पुण्यात वहिवाटीपुढे मालकी कोणी विचारत नाही. वाड्यातले काका महिन्याचे २,५०० मागतात. आपल्याला दोन हजार देईन, आगाऊ तीन महिन्यांचे, रोख. कव्हरही द्यावं लागेल, कारण खरी जागा त्या कव्हराचीच आहे. ते निघालं की टोइंगवाल्यांना खाली गाडी दिसेल. आपली गाडी काही दिवस नदीपात्रात न्यावी. ऑक्टोबर ते मे तिथे काही त्रास नाही, आणि विसर्गावर लक्ष ठेवायला आमचे सहकारी आहेतच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
समोरच्या इमारतीतला, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत बसणारा एक नोकरदार

ता. क. : डावीकडच्या पुढच्या टायरमध्ये हवा नाही. ती आम्ही सोडलेली नाही.