शून्याच्या डावीकडचं रान कुठं गेलं, सर?

प्रति,
अकरावीच्या ‘हमखास गुण’ नोट्सचे लेखक
(नाव घालत नाही; ज्याचं त्यानं ओळखावं)

आदरणीय सर, सा. न.

तुमच्या नोट्सची झेरॉक्स वसमतपासून सेनगावपर्यंत पोचली, अभिनंदन. लॉगच्या फलाचं डोमेन काढताना कंसातलं सगळं शून्यापेक्षा मोठं पाहिजे, ही पहिली ओळ बरोबर आहे. तिथंच थांबायचं होतं.

पण तुम्हाला घाई. लॉग क्ष² दिसताच वरचा २ उचलून पुढं आणलात, २ लॉग क्ष केलंत आणि उत्तर ठोकलंत: क्ष शून्याहून मोठा. अहो, उणे ५ चा वर्ग २५. २५ चा लॉग घ्यायला कुणाची हरकत आहे? वगळायचं होतं एकटं शून्य. तुम्ही शून्याच्या डावीकडचं सगळं रान मोजणीविनाच सातबाऱ्यावरून उडवलंत. तलाठ्यानं असं केलं असतं तर गाव तहसीलवर गेलं असतं. डोमेन दिलेल्या फलाचं काढायचं असतं, आपण सोपं करून घेतलेल्या रूपाचं नाही.

पुढचं गणित: पाया (क्ष − २), कंसात (५ − क्ष). उत्तर छापलंत ‘२ ते ५ च्या दरम्यान’. क्ष ३ झाला की पाया १ होतो. १ चा कितवाही घात करा, १ च येणार. त्यातून कंसातला २ कसा आणायचा, ते लेकरांना तुम्हीच दाखवा.

आणि ती चौकट! ‘लॉग कधीच ऋण नसतो’, वर तारा काढून. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर आपल्या जिल्ह्यात भूकंपाचा ४.५ चा आणि थोड्याच वेळात ३.६ चा धक्का बसला. तुम्हीही बाहेर पळाला असाल. हे आकडे लॉगचेच. ०.९ चा फरक, म्हणजे थरथरीचा आवाका सुमारे आठपट. हा आवाका ऋण होऊच शकत नाही, पण अगदी बारीक धक्क्याची तीव्रता उणे येते आणि शास्त्रज्ञ ती तशीच नोंदवतात. आत जाणाऱ्या आकड्याचं बंधन तुम्ही बाहेर येणाऱ्यावर लादलंत. औंढ्याजवळच्या लायगो वेधशाळेत ज्या गुरुत्वीय लहरी पकडायच्या आहेत, त्यांचा ताण १ ला एकावर एकवीस शून्यं असलेल्या आकड्यानं भागल्याइतका असू शकतो. त्याचा लॉग उणे २१. तिथल्या शास्त्रज्ञांना तुमची चौकट पाठवू का?

पुढच्या आवृत्तीत तेवढी दुरुस्ती करा. किंमत वाढवायला मात्र विसरणार नाही, याची खात्री आहे.

आपला,
एक पालक, कळमनुरी