व्हा पुढे, आम्ही आलोच!

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी, ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. सरकारी कचेऱ्या आधी हलवा, धंदे आपसूक मागे येतील, असा साधा हिशेब. सरकारला तो इतका पटला की १९७० साली तिकडे नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी काढली आणि इकडे नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टोलेजंग इमारतीही उठू दिल्या. १९८१ साली नवं विधान भवन उभं राहिलं, तेही तिथेच.

मग खाडी ओलांडायची कोणी? कांदा-बटाट्याने! मागोमाग मसाले, धान्य, भाजीपाल्याचे घाऊक बाजारही वाशीला गेले. लोखंडवाल्यांना कळंबोली दाखवली. व्यापारी कुरकुरले, पण हळद-मिरचीच्या पोत्यांना दक्षिण मुंबईतला पत्ता कशाला हवा? तो फायलींना लागतो. फायलींना समुद्राची हवा मानवते, असं ऐकिवात आहे.

सगळ्यांना वाट दाखवणाऱ्या सिडकोचं मुख्यालय बेलापूरला आहे, उगाच खोटं कशाला बोला. नोंदणीकृत कार्यालय मात्र नरिमन पॉइंटला. जाणाऱ्यांना हात हलवून निरोप द्यायला कोणीतरी मागे थांबायला हवंच ना!